आर्डूपायलट रोव्हर: आवारातली रेंज मोजायला कितपत कामाचा?

गोव्यात कुंडई-वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना असो की माडांच्या बागेत पसरलेलं रिसॉर्ट, ‘त्या कोपऱ्यात रेंज नाही’ ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. फोन हातात धरून माणूस फिरला की दर फेरीला आकडे बदलतात. वाट थोडी चुकते, चाल कमीजास्त होते आणि माणसाचं अंगच काही डेसिबल खातं. आर्डूपायलट रोव्हर हे मुक्त, मोफत सॉफ्टवेअर आहे. पिक्सहॉक जातीच्या कंट्रोलरवर (गाडी हाकणाऱ्या छोट्या संगणक-पाटीवर) ते टाकलं की चार चाकांची छोटी गाडी आखलेल्या वाटेने स्वतः चालते. मोजणीच्या दृष्टीने तिचा मोठा गुण म्हणजे तीच वाट, तोच वेग, हव्या तितक्या फेऱ्या. मोबाइल कंपनीने छोटा सेल, म्हणजे टॉवरची छोटी आवृत्ती, बसवण्याआधीची आणि नंतरची तुलना यामुळेच विश्वासाची होते. (परस्पर रिपीटर, म्हणजे सिग्नल वाढवणारं यंत्र, बसवणं बेकायदा आहे, त्या वाटेला जाऊच नये.)

फोन गाडीच्या पत्र्यावर ठेवू नका. जमिनीलगत सिग्नल कमी भरतो आणि धातू अँटेनाला बिघडवतो. दीड मीटरचा पीव्हीसी पाइप उभा करून फोन त्याच्या टोकाला बांधा, म्हणजे माणूस वापरतो त्याच उंचीचा आकडा मिळेल. पाइपमुळे गाडी डोलते, म्हणून बॅटरी शक्य तितकी खाली बसवा. उन्हात फोन तापला की कित्येक मॉडेलं 5जी सोडून 4जीवर येतात. मे महिन्यात सकाळी नऊच्या आत मोजणी उरकलेली बरी.

वेग सेकंदाला अर्धा मीटर ठेवा. 5जीच्या 3.5 गिगाहर्ट्झ पट्ट्यात तरंगलांबी साधारण साडेआठ सेंटिमीटर असते. तेवढ्या अंतरातही आकडा खालीवर उड्या मारतो, त्यामुळे एकेका नोंदीला अर्थ नसतो. सुमारे 40 तरंगलांबींची, म्हणजे साडेतीन मीटरच्या तुकड्याची सरासरी काढतात आणि तिला 40-50 नोंदी लागतात. फोन सेकंदाला एकच नोंद देत असेल तर एका फेरीत जेमतेम सात मिळतात. सहा-सात फेऱ्या करायच्या त्या एवढ्यासाठी, आणि हे काम माणसापेक्षा गाडी कितीतरी चांगलं करते. फोनवर पिंग किंवा डाउनलोड सतत चालू हवं. एनएसए पद्धतीच्या, म्हणजे 4जीच्या आधाराने चालणाऱ्या, 5जीत डेटा वाहायचा थांबला की 5जीची जोडणी सुटते आणि नोंदीत नुसतं 4जी दिसतं. आरएसआरपी (सिग्नलची ताकद) सोबत एसआयएनआर (सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे ते) आणि सेलचा पीसीआय (ओळख क्रमांक) ही नोंदवा. आरएसआरपी उणे 85 डीबीएम, म्हणजे चांगला, असूनही नेट रखडत असेल, तर दोष बहुधा दोन सेलच्या एकमेकांतल्या अडथळ्याचा असतो.

टेलिमेट्री रेडिओ (गाडी आणि लॅपटॉपमधला बिनतारी दुवा) घेताना जपा. ऑनलाइन सर्रास दिसणारा 915 मेगाहर्ट्झचा रेडिओ इथे विनापरवाना चालत नाही. शिवाय त्याचा पट्टा 900 मेगाहर्ट्झच्या मोबाइल अपलिंकवर (फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींवर) चढतो, म्हणजे ज्या टॉवरची तपासणी करायची त्याच्याच कानात आपण ओरडतो. 865 ते 868 मेगाहर्ट्झचाच घ्या.

साध्या जीपीएसची चूक दोन-तीन मीटर असते, आणि माडांच्या झावळ्यांखाली किंवा पत्र्याच्या शेडलगत ती आणखी वाढते. झेडईडी-एफ9पी हे अचूक जीपीएस मॉड्यूल आणि जवळच एक बेस (एका जागी स्थिर ठेवलेला दुसरा जीपीएस) ठेवला तर आरटीकेने, म्हणजे बेसकडून येणाऱ्या दुरुस्तीने, ती काही सेंटिमीटरवर येते. खर्च वाढतो, पण त्याशिवाय ‘तीच वाट’ हे म्हणणंच खोटं ठरतं. कंपास मोटर आणि तारांपासून दूर, उंच बसवा. डिचोली-सांगेच्या खाणपट्ट्यात लोहखनिजाच्या ढिगाजवळ तो भरकटू शकतो. तिथे दोन अँटेनांच्या जीपीएसवरून दिशा घेणं जास्त भरवशाचं.

फेलसेफ (संपर्क तुटल्यावर गाडीने काय करायचं ती सेटिंग) ‘होल्ड’वर, म्हणजे जागीच थांबण्यावर, ठेवा. ‘आरटीएल’ (परत फिरणं) निवडलं तर संपर्क तुटताच गाडी सुरुवातीच्या जागेकडे सरळ रेषेत निघते. वाटेत गडगा आहे की विहीर, हे अडथळ्याचा सेन्सर नसेल तर तिला कळत नाही. छपराखाली जीपीएस मिळत नाही, म्हणून गोदामाच्या आतल्या वाय-फायसाठी ही रचना कामाची नाही. सार्वजनिक रस्त्यावर तर नकोच. पणजीतला मांडवीवरचा अटल सेतू किंवा चोर्ला घाटाची मोजणी चालकाच्या गाडीतूनच व्हायला हवी.

सगळ्यात जास्त डोकं खाते ती वेळेची जुळणी. आर्डूपायलटच्या कच्च्या लॉगमध्ये जीपीएस वेळ असते आणि ती यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) 18 सेकंद पुढे आहे. फोन भारतीय वेळ लिहितो, ती यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. साडेपाच तासांचा फरक लगेच ध्यानात येतो, 18 सेकंदांचा येत नाही, आणि अर्ध्या मीटरच्या वेगाने नकाशावरचा प्रत्येक ठिपका नऊ मीटर सरकतो. मग कॅन्टीनमागची रेंज नसलेली जागा गेटपाशी दिसते. ताळा करायला फेरीच्या मधे गाडी एका ठिकाणी मिनिटभर थांबवा. फोनच्या स्वतःच्या जीपीएसमधला थांबा आणि गाडीच्या लॉगमधला थांबा एकावर एक बसले पाहिजेत.

पावसाळ्यात दुसरी मोजणी जरूर करा, कारण ओली पानं 3.5 गिगाहर्ट्झचा सिग्नल चांगलाच अडवतात. त्याआधी जोडण्यांना सिलिकॉन लावा आणि फेरी संपली की चाकांच्या आसावरची तांबडी माती धुऊन काढा. ती वाळून घट्ट झाली की एका बाजूची चाकं जड फिरतात आणि गाडी वळणावर वाट सोडते.