डॉट-ईएनव्ही, जेसन की जावास्क्रिप्ट फाइल: सेटिंग्ज कुठे ठेवाव्यात?

नोड-जेएसच्या (ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) नव्या प्रोजेक्टमध्ये पोर्ट, डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड कुठे ठेवायचे हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं. नंतर बदलायचं म्हटलं तर निम्म्या फाइल्सना हात लावावा लागतो.

पासवर्ड आणि टोकन यांची जागा ईएनव्हीमध्येच (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे कोडबाहेरून प्रोग्रामला दिलेल्या सेटिंग्ज), यावर माझं दुमत नाही. कोड तोच राहतो, सर्व्हरप्रमाणे फक्त किंमती (व्हॅल्यूज) बदलतात. नोड २०.६ पासून डॉट-ईएनव्ही फाइल (या सेटिंग्ज लिहिलेली साधी फाइल) वाचायची सोय नोडमध्येच आली, त्यामुळे साध्या कामाला वेगळं पॅकेजही लागत नाही. ही फाइल आधी गिटइग्नोरमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटने वगळायच्या फाइल्सच्या यादीत टाका. चुकून कमिट झाली (गिटमध्ये नोंदली गेली), तर पुसूनही ती गिटच्या इतिहासात राहते. मग पासवर्डच बदलावा लागतो.

पण ईएनव्हीतून येणारी प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर असते. मी टेस्ट सर्व्हरवर ‘सेंड_एसएमएस=फॉल्स’ लिहिलं होतं आणि कोडमध्ये ती किंमत तपासायला नुसतं इफ. ‘फॉल्स’ ही रिकामी स्ट्रिंग नाही, म्हणून इफच्या लेखी ती ट्रूच. चाचणीचे मेसेज खऱ्या ग्राहकांच्या फोनवर गेले आणि दुपारभर मी माफीचे फोन करत होतो.

जेसनमध्ये (माहिती ठरावीक साच्यात लिहिण्याच्या फाइलमध्ये) हा घोळ होत नाही. फॉल्स हा फॉल्सच, ३००० हा आकडाच. मात्र कॉमेंट (वाचणाऱ्यासाठी टीप) लिहिता येत नाही, शेवटी एक स्वल्पविराम जास्त पडला तरी फाइल वाचली जात नाही. टाइमआउट ४५०० का ठेवला, हे सहा महिन्यांनी कुणाला सांगणार? ॲडमिन स्क्रीनवरून सेटिंग्ज बदलून फाइलमध्ये लिहायच्या असतील तरच मी जेसन घेतो.

एरवी ‘कॉन्फिग-डॉट-जेएस’ ही जावास्क्रिप्ट फाइल. ईएनव्ही फक्त इथेच वाचायची, इथेच स्ट्रिंगचा आकडा किंवा बूलियन (ट्रू/फॉल्स) करून घ्यायचा, आणि डेटाबेसचा पत्ता नसेल तर ॲप सुरूच होऊ द्यायचं नाही. बाकी कोडने ‘प्रोसेस-डॉट-ईएनव्ही’ला (नोडमध्ये ईएनव्ही जिथून वाचतात त्याला) हातही लावायचा नाही. कॉमेंट हवी तेवढी लिहा. पण इथे इफ-एल्सची रांग लागायला लागली, की ती कोडमध्ये हलवा.

ब्राउझरचं मात्र वेगळं. व्हीट (ब्राउझरसाठी कोड तयार करून देणारं टूल) वापरत असाल, तर ‘व्हीट_’ने सुरू होणारी जी किंमत कोडमध्ये वापरली, ती बिल्ड होतानाच बंडलमध्ये (ब्राउझरला जाणाऱ्या तयार फाइलमध्ये) जाऊन बसते आणि ब्राउझरचे डेव्हटूल्स उघडणाऱ्या कुणालाही दिसते. तिथे गुपित ठेवूच नका. ज्या कॉलला गुपित लागतं, तो आपल्या सर्व्हरकडून करा.