सर्दीतून उठल्यावर गोड खायला क्योटो की कानाझावा?

मावसबहीण फेब्रुवारीत येतेय, चार दिवस आमच्याकडे टोकियोत आणि मग तीन दिवस "फक्त जपानी मिठाई खायला कुठेतरी" असं तिचं म्हणणं. काल मेसेज आला, ताई मला सणसणीत सर्दी झालीये, विमानात बसेपर्यंत बरी होईन पण नाक काही उघडत नाहीये, आता क्योटो ठरवू की कानाझावा? मी स्वतः गेल्याच आठवड्यात पडशातून उठलेय, त्यामुळे हा प्रश्न मला एकदम पटला. लोक गाव निवडताना फोटो बघतात, मी म्हणते आधी नाकाची अवस्था बघा.

कारण जपानी मिठाईत आपल्यासारखी वेलची, जायफळ, केशर, तूप अशी फौज नसते. आन्को म्हणजे लाल छोट्या चवळीसारख्या डाळीचं पुरणच, पण त्यात डाळ, साखर आणि चिमूटभर मीठ एवढंच, वेलची नाही की तूप नाही. नाक बंद असेल तर ते नुसतं गोड लागतं आणि माणूस म्हणतो काय एवढं कौतुक. (शाकाहाऱ्यांसाठी चांगली बातमी, योकान म्हणजे आन्कोची घट्ट वडी, असले प्रकार जिलेटिननं नाही तर कान्तेन म्हणजे समुद्री शेवाळातल्या आगरनं धरतात. दोरायाकी म्हणजे आन्को भरलेल्या पॅनकेकमध्ये आणि कास्तेरा या स्पंज केकमध्ये मात्र अंडं असतं.)

भाडं आणि वेळ बघून काही ठरत नाही. टोकियोहून क्योटो सव्वादोन तास, कानाझावा अडीच तास, एका बाजूचे दोन्हीकडे साधारण १४ हजार येन. कानाझावाला शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन २०१५ च्या मार्चमध्ये आली, त्याआधी तिथे जायचं म्हणजे मधे गाडी बदला वगैरे भानगड होती.

आता क्योटो. तिथला माझा सगळ्यात आवडता पदार्थ म्हणजे आबुरी-मोची, शहराच्या उत्तरेला इमामिया देवळाच्या दाराशी मिळतो. तिथे समोरासमोर दोनच दुकानं आहेत आणि त्यातलं एक स्वतःला इ.स. १००० पासूनचं म्हणवतं. मोची म्हणजे चिकट तांदळाचा लगदा, त्याचे नखाएवढे तुकडे भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात, म्हणजे किनाकोत घोळवून बांबूच्या काडीला लावतात, कोळशावर भाजतात, कडा थोड्या करपल्या की गोडसर पांढऱ्या मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सॉसमध्ये बुडवून समोर ठेवतात, सोबत गरम चहा. आणि गंमत म्हणजे हे देऊळच मुळात साथीचे रोग शांत व्हावेत म्हणून उभं राहिलं, आबुरी-मोची खाल्ली की आजार दूर राहतात अशी समजूत आहे. सर्दीवाल्याला याहून योग्य काय, असं मलाही वाटलं होतं. पण तिथे पोचायला स्टेशनवरून खचाखच भरलेली बस, आणि धुराच्या वासाची अर्धी मजा तर नाकातच.

नामा-यात्सुहाशी तर सगळीकडेच मिळते, मोदकाच्या उकडीची पातळ पोळी लाटून ती जरा चिवट केली आणि आत आन्को ठेवून त्रिकोणी विड्यासारखी दुमडली तर जे होईल ते. तिचा जीव दालचिनीत, म्हणजे परत नाकच. गिओनमध्ये कागिझेन म्हणून जुनं दुकान आहे, तिथली कुझुकिरी बघण्यासारखी, कुझूच्या कंदाच्या सत्त्वाच्या काचेसारख्या पारदर्शक पट्ट्या काळ्या साखरेच्या पाकात बुडवून खायच्या, पाक म्हणजे अगदी आपली काकवी. पण ती येते बर्फाच्या पाण्यात! घसा धरलेला असताना नकोच.

आणि वाराबी-मोची, म्हणजे किनाको भुरभुरलेली जेलीसारखी लुसलुशीत मिठाई, तिची गोष्ट तर सांगायलाच हवी. दोन वर्षांपूर्वी क्योटोत, खोकला नुकता थांबलेला, मी मोठा घास घेतला आणि त्याच क्षणी श्वास आत घेतला. वरचा किनाको थेट घशात. मग जो ठसका लागला, टेबलावर, मास्कवर, शेजारच्या आजोबांच्या बाहीवर सगळीकडे पिवळी पूड, ते बिचारे "दाइजोबू, दाइजोबू" (काही नाही, काही नाही) म्हणत मलाच पाणी देत होते. तेव्हापासून खोकला पूर्ण जाईपर्यंत किनाको बंद.

कानाझावाचं वेगळं आहे. एकतर गाव छोटं, ओमिचो बाजार, किल्ला, केनरोकुएन बाग, हिगाशी चाया हा जुन्या चहाघरांचा भाग, हे सगळं चालत किंवा लूप बसनं होतं, दमलं की हॉटेलवर येऊन पडता येतं. मिठाईला इथे पूर्वी राज्य करणाऱ्या माएदा सरदारांच्या चहा-समारंभाच्या आवडीमुळे बळ मिळालं. मोरिहाची हे दुकान १६२५ चं, त्यांचं चोसेइदेन हे राकुगान (साच्यात दाबलेली सुकी मिठाई) जपानच्या तीन नामांकित मिठायांमध्ये धरतात. तांदळाचं पीठ आणि वासान्बोन ही बारीक देशी साखर लाकडी साच्यात दाबून केलेली लाल-पांढरी वडी. बत्ताशासारखी विरघळते, पण शेवटी पिठाची जाणीव राहते. दुकानाच्या वरच्या मजल्यावर हजारावर जुने साचे मांडलेत, मासे, फुलं, कासवं, ते बघताना मला आमच्या घरचा एक कान तुटलेला मोदकाचा साचा आठवला. राकुगान सुकं असल्यानं टिकतं, पुण्याला न्यायला उत्तम. नामागाशी म्हणजे ताज्या, ओलसर मिठाईचं तसं नाही, ती त्याच दिवशी संपवायची.

पण सर्दीवाल्यासाठी कानाझावा म्हणजे तावाराया, १८३० चं गोळ्या-पाकाचं दुकान. त्यांचं जिरो-आमे फक्त तांदूळ आणि बार्लीच्या मोडांपासून बनतं, वरून साखर नाही. मधाच्या रंगाचं, इतकं घट्ट की काडीला गुंडाळून ओढायला लागतं. मी ते गरम पाण्यात किसलेल्या आल्यासोबत घेते. औषध म्हणून नाही हं, पण सुजलेल्या घशावरून ते सरकतं तेव्हा बरं वाटतं एवढं खरं, आणि त्याला नाकाची गरज नाही.

कानाझावाचा दोष एकच, हवा. तिथे म्हणच आहे, डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नको. फेब्रुवारीत ओला बर्फ, बूट भिजले की सर्दी परत. क्योटोतही थंडी हाडात शिरते पण निदान कोरडी असते बऱ्याचदा. म्हणजे चालणं, रांगा, बस झेपणार असेल आणि नाक मोकळं असेल तर क्योटोच, यात वाद नाही, तिथली विविधता कानाझावात नाही. अर्धवट बरे असाल तर कानाझावा, दोन जोडी मोजे जास्त घेऊन.

कुणीतरी पश्चिमेकडचं मात्सुए हे गाव पण सुचवेल, फुमाई नावाचा चहावेडा सरदार, वाकाकुसा ही हिरवी मऊ मिठाई, जवळ इझुमोचं गरम झेनझाई, म्हणजे लाल डाळीचं गोड सार. गाव सुंदर आहे, पण टोकियोहून रात्रीची सनराइज इझुमो गाडी रात्री निघून सकाळी साडेनऊला पोचवते, बंद नाकानं त्या बर्थवर झोप येणार नाही.

इथे आल्यावरही नाक बंदच राहिलं तर फार्मसीत कक्कोन्तो मिळतं, त्यात कुझूचं मूळ, आलं, दालचिनी, ज्येष्ठमध, म्हणजे आजीचा बटवाच, फक्त पुडीत (बीपी किंवा इतर गोळ्या चालू असतील तर फार्मासिस्टला विचारून). आणि तोच कुझू गरम पाण्यात घोटला की कुझुयु, आपल्या आरारुटाच्या लापशीसारखी, ती दोन्ही गावांत मिळते.

तर बहिणीचं असं ठरवलंय, आधी दोन रात्री कानाझावा, तोवर नाक उघडलं तर त्सुरुगाला गाडी बदलून दोन-सव्वादोन तासांत क्योटो, एक रात्र, थेट इमामिया. नाही उघडलं तर तिसरी रात्रही कानाझावातच. क्योटोचं हॉटेल रद्द करता येईल असंच घेतलंय. आणि तिला सांगितलंय येताना सुंठपूड आण, माझी या सर्दीत संपली.