मॅटचा कोपरा, माझं कोपर: गॉल्फ मॅटचे सात महिने

परवा विक्रेत्याचा मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' मॅटचा कोपरा अजून वर वळलेलाच आहे. म्हणून लिहायला बसलो.

घरी गॉल्फचा सराव करायला तीन बाय पाच फुटांची मॅट, वर नायलॉनचं आखूड गवत, खाली दहा मिलिमीटर फोम. दिवाळीच्या सेलमध्ये ७,८०० रुपयांना घेतली. जाड रबर तळाची, सपाटच येणारी दुसरी एक होती, पण ती घरी पोचवायचं भाडं वेगळं १,४०० रुपये. ते वाचवले. ही बचत किती महागात पडली ते मे महिन्यात कळलं.

आमचं गॅरेज जुळे सोलापुरातलं, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. पत्रा एका बाजूला उतरता, त्यामुळे ड्रायव्हर (गॉल्फची सगळ्यात लांब काठी) फिरवायची सोय नाही. सेव्हन आयर्न आणि वेज या आखूड काठ्या, बस्स. रात्री गाडी बाहेर काढायची, शंभर चेंडू मारायचे, मॅट गुंडाळून भिंतीशी उभी करायची, गाडी आत. महिन्यातून एकदा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन खऱ्या गवतावर खेळायचं.

पहिले दोन महिने मी खूश. चेंडू अडवायच्या जाळीमागे आईची जुनी सोलापुरी चादर सैल टांगली होती. ४५ ग्रॅमचा चेंडू तिच्यात शिरायचा आणि मुकाट खाली पडायचा. (ताणून बांधू नका, चेंडू उलटा अंगावर येतो. मला आलाय.) प्रत्येक फटका लोण्यासारखा. तेव्हा लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

डिसेंबरात पुण्याला गेलो आणि सेव्हन आयर्न चेंडूच्या आधीच मातीत रुतू लागली. ही मॅटची लबाडी. काठी चेंडूच्या दोन इंच मागे पडली तरी मॅटवर ती घसरत पुढे जाते आणि चेंडूला लागते. आपल्याला वाटतं, काय मारला! आता चेंडूच्या चार बोटं मागे टॉवेलची घडी ठेवतो. काठी टॉवेलला लागली की खरं काय ते कळतं. टॉवेलला सोलापुरात तोटा नाही.

त्याच सुमारास डावं कोपर धरलं. दहा मिलिमीटर फोमखाली थेट दगड, मग हादरा जाणार कुठे? डॉक्टर म्हणाले, टेनिस एल्बो. टेनिसची रॅकेट मी उभ्या आयुष्यात धरलेली नाही. मॅटखाली जुनी सतरंजी दुमडून घातल्यावर बराच फरक पडला. पण संपूर्ण मॅटखाली घाला, नुसती चेंडूखाली नको. चेंडू पायांपेक्षा वर आला की सगळं गणित बिघडतं. याच कारणासाठी फक्त चेंडूपुरते दीड फुटाचे छोटे तुकडे घेऊ नका.

आता मुद्द्याचं. एप्रिलपासून पत्र्याखाली भट्टी. त्या उन्हात गुंडाळलेल्या फोमने गुंडाळीचाच आकार धरला. मे महिन्यात अंथरली तर चारही कोपरे वर, ताटातल्या पापडासारखे. उजवा तर दोन इंच. गवत आत ठेवून गुंडाळत होतो ना! गवत बाहेर ठेवलं असतं तर कडा निदान जमिनीकडे वळल्या असत्या.

फोन केला. पलीकडची ताई म्हणाली, "सर, तुम्ही मॅट गुंडाळून ठेवलीत, वॉरंटी लागू नाही." म्हटलं, "अहो ताई, ती आलीच गुंडाळून!" यावर "सर, ते पॅकिंग." पत्रकात साठवणीबद्दल एक ओळ नाही. 'भरपूर पाण्याने धुवावी' एवढं मात्र आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात! मी कोरड्या ब्रशने झाडतो, छान निघते.

शेवटी गच्चीवर उन्हात पालथी घातली, कडांवर शहाबादी फरशा. तासाभराने सपाट! फरशा काढल्या, चहा पिऊन आलो, कोपरे पुन्हा वर. दुसऱ्या दिवशी अक्कल आली. ऊन लावून फरशा रात्रभर तशाच ठेवल्या, वजनाखालीच गार होऊ दिली. तीन कोपरे बसले. उजवा अर्ध्या इंचावर अडून आहे, आणि उन्हाने मॅट लांबीत बोटभर आकसली ती वेगळीच. परत हा उद्योग करणार नाही.

आता ती दिवाणाखाली सपाट ठेवतो. पहिल्या रात्री बायको म्हणाली, "अहो, आता गवतसुद्धा घरात?" पण तीन आठवड्यांत नवीन वळण आलेलं नाही. दिवाणाखाली जागा नसेल तर प्लायवर चिमटे लावून भिंतीला टांगा. उभी गुंडाळी मात्र पत्र्याखाली नको.

तारे किती? मे महिन्यात एक देणार होतो. रोजचे शंभर चेंडू खाऊन गवत अजून कुठे टकलं पडलेलं नाही, म्हणून तीन. उजव्या कोपऱ्यावर सध्या एक फरशी आहे. ती तुळशीजवळची, आई रोज सकाळी परत मागते.