फुलाचं इथिलिन मोजायचंय: जीसी, लेझर की सेन्सर?

कार्नेशनच्या पाकळ्या आत वळू लागल्या की ते फूल दोन दिवसांचं सोबती, हे नागपूरच्या सीताबर्डीतल्या फूलवाल्याला कुणी सांगावं लागत नाही. पण पाकळ्या वळण्याआधीच त्या फुलातून इथिलिन सुटू लागलेलं असतं आणि ते ना डोळ्याला दिसतं, ना नाकाला कळतं. या वायुरूप संप्रेरकावर प्रबंध घेतलेली मंडळी माझ्याकडे आली की पहिला प्रश्न ठरलेला: सर, यंत्र कोणतं? म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी एक हिशोब. एक लिटरच्या बरणीत एक नॅनोलीटर इथिलिन म्हणजे एक पीपीबी, अब्जात एक भाग. समजा तुमचं फूल तासाला एक नॅनोलीटर सोडतं. पाव लिटरच्या बरणीत ते तीन तास बंद ठेवलं तर जमतील १२ पीपीबी. साध्या जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) साधारण काही दहा पीपीबीच्या खालचं दिसत नाही, म्हणजे आलेखावर पीक, तो टोकदार उंचवटा, येणारच नाही. तेच फूल १२ तास कोंडलं तर ४८ पीपीबी होतात, आता पीक येईल. पण तोवर बरणीत कार्बन डायऑक्साइड साचलेला, ऑक्सिजन उतरलेला, आणि या दोन्हींनी इथिलिनची निर्मितीच बदलते. मोजायला गेलो आणि मोजायची गोष्टच हलवून बसलो, असा प्रकार.

तरीही माझं पहिलं मत जीसीलाच. गॅस क्रोमॅटोग्राफ, त्याला फ्लेम आयोनायझेशन डिटेक्टर (ज्योतीत जाळून वायू टिपणारा), वायू वेगळे करायला पोरापॅक किंवा अ‍ॅल्युमिना भरलेली नळी म्हणजे कॉलम, एवढ्यात काम होतं. बर्ग आणि थिमन यांनी १९५९ मध्ये सफरचंदाच्या इथिलिनच्या अभ्यासात जीसी वापरलं. त्याआधी लोक अंधारात वाढवलेली वाटाण्याची रोपं किती आखूड, जाड आणि वाकडी होतात यावरून अंदाज बांधत. शिवाय जीसी बहुधा तुमच्या किंवा शेजारच्या विभागात उभं असतंच. नायट्रोजन, हायड्रोजन आणि शुद्ध हवेचे सिलिंडर, प्रमाणित इथिलिनचा एक छोटा सिलिंडर आणि गॅसटाइट सिरिंज जमवली की सुरुवात. इथेन, अ‍ॅसिटिलीन वेगळे पडतात, त्यामुळे दिसलेलं पीक इथिलिनचंच आहे हे परीक्षकाला छातीठोकपणे सांगता येतं.

जीसीत खरा घात यंत्र करत नाही, बरणी करते. बरणीच्या रबरी बुचातून (सेप्टम) त्याचेच हायड्रोकार्बन सुटू शकतात. देठ नुकताच छाटला असेल तर जखमेचं इथिलिन वेगळं. आणि हवा! एका खंडेनवमीला आम्ही यंत्राला झेंडूची माळ घातली, धूप लावला, आरती केली. दुपारी ब्लँकला, म्हणजे तुलनेसाठी मोजलेल्या रिकाम्या बरणीला, झकास पीक. तासभर गळती शोधत बसलो, मग धुपाकडे लक्ष गेलं. जळणाऱ्या कशाच्याही धुरात इथिलिन असतं, गाड्यांच्या धुरातही. रस्त्याकडची खिडकी उघडी ठेवून घेतलेले ब्लँक मी आता पाहतही नाही. (पूजा अजून होते, फक्त त्या दिवशी मोजणी नसते.)

लेझर फोटोअकूस्टिक हे वेगळंच जग. पदार्थावर तुकड्यातुकड्यांनी प्रकाश पाडला तर आवाज निघतो, हे ग्रॅहम बेलने १८८० मध्येच दाखवलं होतं. कार्बन डायऑक्साइड लेझरचा साडेदहा मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश इथिलिन जोरात शोषतं, तापतं, दाब वरखाली होतो आणि वायूच्या बंद कप्प्यातला मायक्रोफोन तो ऐकतो. शेजारच्या तरंगलांबीवर इथिलिनचं शोषण कमी, दोन्हींतल्या फरकावरून मात्रा निघते. बाजारातली यंत्रं ०.३ पीपीबीपर्यंत उतरतात. सिम्बिडियम ऑर्किडचा परागपुंज काढल्यावर फुलात काय घडतं, याचा १९८० च्या दशकातला अभ्यास नेदरलँड्समध्ये नायमेखेनच्या अशाच लेझरवर झाला.

पण लेझर म्हणजे जादू नव्हे. इथे फुलावरून हवा वाहत असते. तासाला दोन लिटर हवा सोडली तर आपलं एक नॅनोलीटरवालं फूल देईल अर्धा पीपीबी, म्हणजे जेमतेम. फायदा निव्वळ संवेदनशीलतेचा नाही, वेळेचा आहे. फूल कोंडावं लागत नाही, दर काही मिनिटांनी रीडिंग मिळतं, परागीकरणानंतर चढ नेमका केव्हा सुरू झाला ते दिसतं. जीसीवर हा चढ बघायचा तर रात्रभर सिरिंज घेऊन जागा. उलट बाजूला आयात, दुरुस्तीची वाट, आणि फुलाची वाफ व कार्बन डायऑक्साइड अडवणारे सापळे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा सापळा संपला आणि कुणी पाहिलं नाही, तर दिसणारा आकडा इथिलिनचा राहत नाही.

इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर? नागपूरच्या कळमना बाजारात आंबा पिकवायच्या खोलीत लावा. तिथे मात्रा पीपीएममध्ये (दहा लाखांत एक भाग) असते, नियमानेच १०० पीपीएमपर्यंत. एकट्या फुलासाठी तो बहुतेकदा बहिरा, वर कार्बन मोनॉक्साइड आणि अल्कोहोललाही हुंकार देणारा.

मग ठरवायचं कसं? फूल कोणतं ते मला आधी सांगा. झेंडू, शेवंती, जरबेरा, ग्लॅडिओलस असेल तर त्यांच्या कोमेजण्यात इथिलिनचा हात फारसा नसतो. लेझर सोडा, विषयच पुन्हा तपासा. कार्नेशन असेल आणि प्रश्न 'एवढ्या फवारणीने इथिलिन घटलं का' असा असेल तर जीसी पुरतं. छोटी बरणी, दोन-तीन तासांचा बंद काळ, प्रत्येक फेरीला रिकामी बरणी. कार्नेशन चढावर आलं की तासाला एक नॅनोलीटरच्या कितीतरी पुढे जातं, त्यामुळे अडचण येत नाही. ऑर्किडच्या एकाच फुलात तासातासाला काय घडतं हे हवं असेल तर लेझर फोटोअकूस्टिकच, त्याला पर्याय म्हणून फारतर कॅव्हिटी रिंग-डाऊन (आरशांमध्ये कोंडलेला लेझरचा प्रकाश किती झपाट्याने विझतो ते मोजणारं यंत्र). तेव्हा यंत्र विकत घेण्यापेक्षा ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे पंधरा दिवस जाऊन बसा.

आणि मे महिन्याच्या प्रयोगाचा बेत असेल तर यंत्राआधी खोलीच्या एसीचे आणि जनरेटरचे पैसे बाजूला काढा. पस्तीस अंशांच्या वर इथिलिन बनवणारं शेवटचं एन्झाइम ढेपाळतं. चव्वेचाळीस अंशांच्या नागपुरात दुपारी वीज गेली, तर तुमचं कार्नेशन गप्प बसेल आणि तुम्ही लिहाल, उत्सर्जन आढळले नाही.