स्पोर्ट बाइक, काही महिन्यांनंतर: इंजिनाला पैकीच्या पैकी, पण साखळीबद्दल बोलायचंय

ज्यांना ही गाडी घ्यायची आहे त्यांना स्पेसिफिकेशन्स माझ्यापेक्षा जास्त पाठ असतील. दोन सिलिंडर, लिक्विड कूलिंग, सहा गिअर, क्लिप-ऑन हँडल, असिस्ट-स्लिपर क्लच. ते पुन्हा उगाळत नाही. रन-इन (नवं इंजिन जपून चालवायचा सुरुवातीचा काळ) संपलं, पहिली सर्व्हिस झाली, आणि त्या सर्व्हिसनंतर साखळीवरून माझं आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांचं चांगलंच वाजलं. त्या रागातून लिहायला बसलोय, तेव्हा सगळं साखळीकडेच झुकणार.

आधी चांगलं उरकून घेतो. इंजिन झकास आहे. रन-इनमध्ये आरपीएमची मर्यादा पाळली, पण एकाच वेगावर तासन्‌तास रेटलं नाही. आरपीएम वर-खाली होत राहिले की पिस्टनच्या रिंगा नीट बसतात. क्रँक १८० अंशांचा (एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली) असल्यामुळे एक स्फोट लगेच आणि पुढचा बऱ्याच उशिरा होतो, म्हणून उभ्या गाडीचा आवाज लंगडत चालल्यासारखा येतो. शोरूममध्ये काहींना तो बिघाड वाटतो. सात हजारांच्या वर हेच इंजिन असं सुटतं की विचारू नका. खाली मात्र फारसा जीव नाही, चढावर एक गिअर उतरवावाच लागतो. स्लिपर क्लचमुळे भराभर गिअर उतरवले तरी मागचं चाक उड्या मारत नाही, आणि लिव्हर दोन बोटांनी दाबता येतो. ब्रेकबद्दल तक्रार नाही. नवे टायर सुरुवातीचे शंभर-दीडशे किलोमीटर निसरडे असतात, तेवढं जपा.

मनगटं दुखतात असं सगळेच लिहितात. दुखतात, पण हँडलवर भार टाकला तरच. टाकी गुडघ्यांत घट्ट धरून पोट आवळून बसलं की हात मोकळे होतात. गर्दीत, हळू वेगात मात्र हे सांभाळणं कठीण, कारण छातीला वाऱ्याचा आधार नसतो. आरशांत स्वतःची कोपरं उत्तम दिसतात. कूलंट तापून पंखा सुरू झाला की गरम हवेचा झोत नडगीवर येतो. सिग्नलला फुल पँट असली तरी कळतं. मागची सीट नावापुरती. बायको एकदा बसली आणि उतरल्यावर म्हणाली, ‘पुढच्या वेळी तू एकटाच जा.’

आता मुद्द्यावर येतो. पुढचा परिच्छेद सर्व्हिसनंतर काही आठवड्यांनी लिहिला होता, तो तसाच ठेवतोय (मोनोशॉक म्हणजे मागचा एकुलता शॉक अब्सॉर्बर, प्रीलोड म्हणजे त्याच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब):

‘मागचं सस्पेन्शन निव्वळ कडक आहे. एकटा असताना चालून जातं, पण मागे कोणी बसलं की स्पीडब्रेकरवर थेट कंबरेत धक्का बसतो. प्रीलोड सगळ्यात कमी करूनही फरक नाही. कंपनीने मोनोशॉकमध्ये पैसे वाचवलेत. शिवाय साठ-सत्तरच्या वेगात खालून एक घर्रघर्र येते, ती गिअरबॉक्सची वाटते. एवढे पैसे मोजून हे?’

हे मत आता बदललंय. मोनोशॉकचा काही दोष नव्हता.

शंका आली ती वहीमुळे. मी पेट्रोलचा हिशोब टाकी फुल ते टाकी फुल असा वहीत लिहितो (हसा खुशाल). सर्व्हिसनंतर मायलेज थोडं, पण दर वेळी कमी येत होतं. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, समोरून वारा असला तरी एवढा फरक पडतो. पण पार्किंगमध्ये गाडी ढकलतानाही ती जड वाटू लागली होती. न्यूट्रलमध्ये ढकलताना इंजिनाचा संबंध नसतो. मग उरलं काय? ब्रेक घासतोय का ते पाहिलं, चाक गरम होत नव्हतं. खाली वाकून साखळीला बोट लावलं, तर ती तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली! मॅन्युअलमध्ये ढील, म्हणजे साखळी मधोमध वर-खाली किती हलावी ते, ३० ते ४० मिमी दिलीय, स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवरही तेच छापलंय. इथे १० मिमीसुद्धा नव्हती.

ताठ साखळीचा आणि कडक सस्पेन्शनचा संबंध काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्या. पुढचं दातेरी चाक गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असतं. स्विंगआर्म मात्र त्याच्या थोडं मागे असलेल्या खिळीवर वर-खाली होतो. दोघांचे मध्य वेगळे असल्यामुळे सस्पेन्शन दबताना पुढचं दातेरी चाक आणि मागचा अॅक्सल (चाकाचा आस) यांच्यातलं अंतर बदलत जातं. शाफ्ट, खिळी आणि अॅक्सल एका रेषेत आले की ते अंतर सर्वांत जास्त, म्हणजे साखळीही सर्वांत ताठ. साइड स्टँडवर उभ्या गाडीत दिसणारी ढील त्या क्षणासाठी राखून ठेवलेली असते. ती आधीच काढून घेतली, तर सस्पेन्शन दबायला लागताच साखळी त्याला अडवते. स्प्रिंग दबू पाहते, साखळी ओढून धरते, आणि सगळा ताण शाफ्टच्या बेअरिंगवर येतो. मागे माणूस बसला की तर गाडी आधीच दबलेली असते. बायकोच्या कंबरेचा हिशोब इथे लागला.

सर्व्हिस सेंटरचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. तिथल्या अॅडव्हायझरचं म्हणणं, ‘सर, सैल साखळी आवाज करते. आम्ही सगळ्यांची अशीच करतो.’

मी म्हटलं, ‘स्टिकर तुमच्याच कंपनीचा आहे. वाचा.’

‘सर, तो स्टिकर जनरल असतो.’

जनरल म्हणजे काय, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. वर ‘चेन अॅडजस्टमेंट’ची मजुरी पुन्हा लावतो म्हणाले. तुम्ही बिघडवलेलं सुधारायचे पैसे मी द्यायचे? तिथे माझा आवाज चढला. आजूबाजूचे लोक बघायला लागले, लागू देत. शेवटी आतून एक वयस्कर मेकॅनिक आले. ते म्हणाले, ‘दादा, तुम्ही बसा गाडीवर.’ मी बसलो. एका पोऱ्याला त्यांनी मागे बसवलं आणि स्वतः खाली वाकून साखळीला बोट लावलं. ती जराही हलेना. त्यांनी अॅडव्हायझरकडे नुसतं पाहिलं. अॅक्सलचा नट सैल केला, दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखेच सैल करून चाक किंचित पुढे घेतलं, चाक फिरवत साखळीची सगळ्यात ताठ जागा शोधली आणि ढील तिथे मोजली. कुठेही एका ठिकाणी मोजून चालत नाही, कारण साखळी सगळीकडे सारखी ताठ नसते. नट टॉर्क पानाने आवळल्यावर पुन्हा मोजली, कारण आवळताना अॅक्सल किंचित सरकतो. मजुरी लावली नाही. त्या काकांना मनापासून नमस्कार.

परत येताना तोच स्पीडब्रेकर, तोच वेग, आणि गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. घर्रघर्र गायब. प्रीलोड मी पुन्हा एक टप्पा वाढवून ठेवलाय. बायको अजून बसायला तयार नाही, पण तो प्रश्न आता सीटचा आहे.

तेव्हापासून साखळीचं काम घरीच करतो. अडचण अशी की अशा गाड्यांना सेंटर स्टँड नसतो. वजन वाढतं आणि वळणावर झुकताना खाली घासतो, ही कारणं मान्य. पण रोजच्या वापरात माणसाने चाक फिरवायचं कसं? पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) घ्यायला मी बरेच दिवस टाळाटाळ केली. गाडी वीतभर ढकलायची, दिसेल तेवढ्या साखळीला तेल लावायचं, पुन्हा ढकलायची. शेवटी कंटाळून स्टँड घेतला. गाडीच्या किमतीपुढे तो काहीच नाही, तरी जिवावर आलं.

साफसफाईला रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल नको आणि तारेचा ब्रश तर अजिबात नको. साखळीत दर दोन पट्ट्यांमध्ये रबराच्या बारीक रिंगा असतात आणि पिनेच्या आतलं ग्रीस त्यांनीच कोंडून ठेवलेलं असतं. रिंग फाटली की ते ग्रीस गेलं, आणि बाहेरून कितीही तेल ओता, आत जात नाही. स्प्रेचा महागडा डबा मी एकदाच आणला. आता ९० नंबरचं गिअर ऑइल वापरतो, पाचएकशे किलोमीटरला एकदा, आणि पावसात भिजली तर घरी आल्यावर लगेच. ते रिमवर उडतं, पुसावं लागतं. पण एक लिटर संपता संपत नाही. आणि एक: इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या साखळीला फडकं लावणारे व्हिडिओ मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. फडकं अडकलं की त्यामागून बोटं जातात. चाक हातानेच फिरवा.

झीज मोजणं सोपं आहे. ही ५२० साखळी. पहिला ५ म्हणजे एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत पाच अष्टमांश इंच. वीस कड्या नव्या असताना ३१७.५ मिमी भरतात. साखळी ताणून धरून मोजायचं आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी पडताळायचं. बऱ्याच गाड्यांना ती ३२३ मिमी असते. माझी अजून जवळजवळ नवीच आहे, म्हणजे त्या ताठपणाने निदान साखळी तरी खाल्ली नाही. बेअरिंगचं मात्र खोलल्याशिवाय कळणार नाही, आणि वॉरंटीत असेपर्यंत मी खोलणार नाही.

गाडी घ्यावी का? घ्या. खालच्या आरपीएमला जोर हवा असेल तर दुसरी बघा, रोज मागे कोणाला बसवायचं असेल तर नक्कीच दुसरी बघा. आणि पहिल्या सर्व्हिसहून परत येण्याआधी, बिल भरण्याच्याही आधी, तिथेच वाकून साखळीला बोट लावा. माझ्या पुढच्या सर्व्हिसच्या जॉब कार्डवर पहिली ओळ मी माझ्या हाताने लिहिणार आहे: साखळीला हात लावायचा नाही. अॅडव्हायझरला आधीच सांगून ठेवलंय. तो म्हणाला, ‘सर, सिस्टिममध्ये तसा ऑप्शन नाही.’