थायरॉईडच्या तपासणीसाठी विश्रामबागेतील एक विश्वासार्ह केंद्र

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका रक्त तपासणी केंद्रात माझ्या आईची थायरॉईडची तपासणी नियमितपणे होते. रक्त घेण्यापूर्वी तेथील ताई दोन प्रश्न न चुकता विचारतात: सकाळची लेव्होथायरॉक्सिनची (थायरॉईड मंदावल्यावर देतात ती) गोळी घेतली आहे का, आणि केसांसाठी बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) चालू आहे का. गोळी आधी घेतल्यास टी-4 (थायरॉईडचे संप्रेरक) काही तास वाढलेले दिसू शकते, तर बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक) प्रत्यक्षापेक्षा कमी येऊन नसलेल्या आजाराचा संशय निर्माण होतो. म्हणून बायोटिन किमान 2 दिवस आधी बंद ठेवायला ते सांगतात. इतकी दक्षता मला अन्यत्र क्वचितच आढळली आहे.

टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचे संप्रेरक आहे आणि थायरॉईड मंदावली की बहुधा ते वाढते, हे अहवालाखाली सोप्या मराठीत छापलेले असते. गरोदर स्त्रियांसाठी संदर्भमर्यादा वेगळ्या दिलेल्या असतात, ही बाब मला विशेष मोलाची वाटते.

हाशिमोटो आजाराच्या (यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर हल्ला करते) निदानास उपयोगी पडणाऱ्या अँटी-टीपीओ या प्रतिपिंडांच्या चाचणीचा नमुना मात्र बाहेरगावी जातो, त्यामुळे तो अहवाल उशिरा मिळतो. दरही किंचित जास्त आहेत. तरीही, गोळीची मात्रा बदलल्यानंतर फेरतपासणी साधारण 6 ते 8 आठवड्यांनी करायची असते, हे समजावून घाईने आलेल्या रुग्णाला आधी डॉक्टरांना विचारून येण्यास सांगणारे हे केंद्र मी निःशंकपणे सुचवेन.