रेटिंगवर रेस खेळताना: पुणे आणि मुंबई, दोन सीझननंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगतो. घोडा किती चांगला आहे हे ओळखायला रेटिंग पद्धतीसारखं दुसरं साधन मला सापडलेलं नाही. पण तिच्या जिवावर पैसे निघतील असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून भावाचा (घोडा जिंकला तर लावलेल्या रुपयाला किती मिळतात त्याचा) आणि कराचा हिशेब आधी मागा. पुण्याचा पावसाळी सीझन आणि त्याला लागून आलेला मुंबईचा हिवाळी सीझन, दोन्ही मी याच पद्धतीने खेळलो. टिप घेतली नाही, कुणाची 'आतली खबर' ऐकली नाही. त्यामुळे खाली जे लिहितोय ते फक्त आकड्यांवर खेळल्याचं आहे.

ज्यांना पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मुळापासून. मुंबई-पुण्याच्या रेस चालवणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा हँडिकॅपर पळालेल्या प्रत्येक घोड्याला एक आकडा देतो, ते त्याचं रेटिंग. त्यावरून क्लास ठरतो: पाचवा क्लास 1 ते 26, चौथा 20 ते 46, तिसरा 40 ते 66, दुसरा 60 ते 86 आणि 80 च्या वर पहिला. एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. 44 रेटिंगचा घोडा 61 किलो घेऊन पळत असेल तर त्याच रेसमधल्या 30 वाल्याला 54 किलो मिळतं. आपल्याकडं तालमीत जोड लावताना बरोबरीचे पैलवान बघून लावतात. हँडिकॅप रेसमध्ये जोड मुद्दाम असमान घेतात आणि तगड्याच्या पाठीवर शिसं चढवून ती बरोबरीत आणतात. हँडिकॅपरचं काम अगदी अचूक झालं तर सगळे घोडे एकाच रेषेत पोस्ट, म्हणजे शेवटचा खांब, ओलांडतील. तसं होत नाही, आणि रेटिंगवर खेळणाऱ्याचं सगळं भांडवल एवढंच आहे.

इंग्लंडमध्ये हे शास्त्र जुनं आहे. वय आणि अंतर बघून किती वजन द्यायचं याचा तक्ता अॅडमिरल राऊस यांनी एकोणिसाव्या शतकात बसवला. फिल बुल यांनी 1948 मध्ये टाइमफॉर्म सुरू केलं आणि अधिकृत हँडिकॅपरला समांतर असं खाजगी रेटिंग लोकांच्या हातात आलं. त्यांच्या मोजणीत फ्रँकेल हा घोडा 147 वर आहे. चौदा रेस पळाला, चौदाही जिंकला. पण तिथला पॉइंट एका पौंडाचा आणि आपला अर्ध्या किलोचा, शिवाय मुळातली पट्टीच वेगळी, म्हणून तिकडचा आकडा इकडच्या घोड्याशी लावू नये. नवीन लोक हे हमखास करतात.

मी वापरतो ती पद्धत अशी. हँडिकॅपरचं रेटिंग ही सुरुवात. त्यावर प्रत्येक रेसनंतर घोडा त्या दिवशी प्रत्यक्षात किती पॉइंटचा पळाला ते काढायचं. एक उदाहरण घेतो. 1200 मीटरची रेस, आपला घोडा तीन लेंथने दुसरा आला (लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी). या अंतराला मी एक लेंथ म्हणजे सव्वा किलो धरतो. तीन लेंथचे पावणेचार किलो, म्हणजे साडेसात पॉइंट. पण आपला घोडा विजेत्यापेक्षा पाच किलो जादा घेऊन पळाला होता, म्हणजे दहा पॉइंट. दहातून साडेसात गेले, उरले अडीच. त्या दिवशी विजेता 40 चा पळाला असेल तर आपला हरलेला घोडा साडेबेचाळीसचा पळाला. निकालाच्या पानावर तो फक्त 'दुसरा, तीन लेंथ' असतो आणि पुढच्या वेळी पब्लिक त्याला त्याच नजरेनं बघतं. अंतर वाढलं की लेंथची किंमत उतरते; 2000 मीटरला मी एका लेंथला दीडच पॉइंट देतो. हा एक आकडा चुकीचा धरला की सगळी वही चुकते, म्हणून लेंथचा तक्ता ठरवण्यात मी सगळ्यात जास्त वेळ घातला.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटीला आहे, मापं घेऊन नोंदी ठेवायची सवय हाडात आहे, म्हणून हे जमलं. एक्सेलच्या शीटमध्ये घोडा, अंतर, पाठीवरचं वजन, अप्रेंटिस (शिकाऊ) जॉकीला मिळणारी वजनाची सवलत, किती लेंथ, पेनेट्रोमीटरचं (जमीन किती मऊ आहे ते मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग आणि शेवटी माझा पॉइंट. रेसच्या रात्री निकाल भरायला बसलं की जेवण होऊन दोन तास सहज जातात. घरी कुरकुर होते ती रास्त आहे. ज्याला हा वेळ देता येणार नाही त्याने आयतं रेटिंग विकत घेण्यापेक्षा रेस नुसती बघावी. फोनवर महिन्याचे पैसे घेऊन रेटिंगचा तक्ता पाठवणारे आहेत. मी एकाचा काही काळ घेतला. आकडे छान दिसायचे, पण लेंथला किती किलो धरता असं विचारल्यावर उत्तर आलं नाही. आकडा कुठून आला हे कळत नसेल तर त्याला रेटिंग म्हणत नाहीत, ती टिपच झाली.

आता पद्धतीनं दिलं काय? माझ्या शीटवर पहिला असलेला घोडा साधारण तीनपैकी एकदा जिंकला. ऐकायला चांगलं वाटतं. पण जगभर फेव्हरिटही ढोबळमानानं तेवढ्याच वेळा जिंकतो, आणि बहुतेक रेसमध्ये माझा पहिला आणि पब्लिकचा फेव्हरिट एकच निघाला. म्हणजे इतका खटाटोप करून मी बऱ्याचदा तिथंच पोहोचलो जिथं बुकींच्या फळ्यावर नजर टाकून पोहोचता आलं असतं. खरा उपयोग उरलेल्या रेसमध्ये झाला. क्लास उतरून खाली आलेला घोडा, जादा वजनामुळं दोन-तीनदा मागं पडलेला आणि म्हणून रेटिंग घसरलेला घोडा, असे घोडे शीट आधी दाखवते. चौथ्या क्लासच्या वरच्या टोकाला हरत हरत घोडा पाचव्याच्या तोंडाशी येतो, तेव्हा त्याचे जुने पॉइंट समोर असणं फार मोलाचं आहे.

त्याहून मोठा फायदा म्हणजे रेस सोडता येतात. पहिल्या पाच घोड्यांत माझ्या हिशेबानं दोन-तीन पॉइंटचाच फरक असेल तर त्या रेसला हात लावायचा नाही, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला. आमच्या गल्लीतले आप्पा जुने रेसकर आहेत, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला तरुणपणापासून जातात. त्यांना हे पटत नाही.

"अरे, एवढ्या लांब पुण्यापर्यंत जायचं आणि निम्म्या रेस हात बांधून बघायच्या?"

"आप्पा, तुम्ही सातव्या रेसपर्यंत थांबलात, आधीच्या सहांत किती गेले?"

"ते विचारू नकोस. पण लेका, टनाला लागला की सगळं वसूल होतंय."

टनाला, म्हणजे पहिले तीन घोडे क्रमाने सांगायचे. तो लागतो तेव्हा गावभर कळतं, हे खरं. पण माझ्या शीटला पहिल्या घोड्याबद्दलच जेमतेम खात्री देता येते, तिसऱ्याबद्दल काहीच नाही. म्हणून मी विनच्या (फक्त पहिला घोडा सांगायच्या बेटच्या) पुढं गेलो नाही आणि कुणाला जा म्हणून सांगणारही नाही.

पद्धतीला जे दिसत नाही त्यातलं मुख्य पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवून दाखवतात तिथं, दिसतं. पुण्यात एका दमट दुपारी माझ्या शीटवरचा पहिला घोडा, सहा पॉइंटनं पुढं असलेला, पॅडॉकमध्ये फिरत होता. मानेवर लगाम घासतो तिथं पांढरा फेस, मागच्या मांड्यांच्या मध्ये साबण लावल्यासारखा घाम, आणि मोतद्दार त्याला दोन्ही हातांनी आवरतोय. शेजारचे घोडे त्याच उकाड्यात कोरडे होते. रेस सुरू व्हायच्या आधीच त्याची निम्मी ताकद तिथं गळत होती. मी तिकीट काढलं नाही. तो वळणावरच संपला. कोल्हापुरात बसून आकडे बघणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही. रेटिंग सांगतं घोडा काय करू शकतो; आज करणार का, हे पॅडॉकच्या कठड्याला उभं राहूनच बघावं लागतं.

दुसरी अडचण पावसाची. पुण्याचा सीझन ऐन पावसाळ्यात, मुंबईचा कोरड्या दिवसांत. ओल्या टर्फवर मिळवलेले पॉइंट डिसेंबरात जसेच्या तसे चालत नाहीत. काही घोडे चिखलात खुलतात, काही पायच टाकत नाहीत. मी पेनेट्रोमीटरच्या रीडिंगप्रमाणे ओल्या आणि कोरड्या रेस वेगळ्या रंगात ठेवल्या आणि एका रंगाचे पॉइंट दुसऱ्याला निम्म्याच वजनानं मोजले. याने शीट बरीच सुधारली. मेडन रेस (अजून एकही रेस न जिंकलेल्या घोड्यांच्या) आणि पहिल्यांदा पळणारी पोरं मात्र पद्धतीच्या बाहेरच राहतात. नुसत्या मॉक (सरावाच्या) रेसवरून आकडा बांधणं मला प्रामाणिक वाटत नाही. डर्बीलाही, म्हणजे फेब्रुवारीतल्या 2400 मीटरच्या रेसला, हँडिकॅप नसतो आणि निम्मे घोडे त्या अंतराला नवखे असतात. ती बघायची रेस आहे, डोळे भरून बघावी.

आता भावाबद्दल. हा भाग सगळ्यांनी दोनदा वाचावा असं मला मनापासून वाटतं. हाँगकाँगमध्ये बिल बेंटर यांनी गणितावर रेसमधून प्रचंड पैसा कमावला. त्यांनी 1994 मध्ये आपली पद्धत लिहून काढली तेव्हा त्यातली महत्त्वाची गोष्ट ही होती की त्यांचं मॉडेल एकटं पुरत नव्हतं. पब्लिकचा भाव त्यात मिसळल्यावर ते चाललं. ज्यांच्या हाताशी संगणक आणि माणसं होती त्यांनाही टोटच्या (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या खिडकीच्या) फळ्याला मान द्यावा लागला. म्हणून मी प्रत्येक रेसला माझ्या पॉइंटवरून प्रत्येक घोड्याचा चान्स काढतो, फळ्यावरच्या भावावरून निघणारा चान्स शेजारी लिहितो, आणि दोन्हींच्या मधला आकडा खरा धरतो. हे सुरू केल्यावर 'घबाड' वाटणाऱ्या बेट निम्म्याहून कमी झाल्या. बरं झालं.

आणि कर. 22 सप्टेंबर 2025 पासून रेसच्या बेटिंगवर जीएसटी 28 वरून 40 टक्क्यांवर गेला. तो जिंकलेल्या रकमेवर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर असतो. हिशेब करून बघा. तीनपैकी एकदा जिंकेल असा घोडा. कर नसता तर दहा रुपयांना 30 मिळाले की बरोबरी. शंभराच्या बेटला खिशातून 140 जात असतील तर बरोबरीसाठी दहाला 42 मिळायला हवेत. पब्लिकलाही तो घोडा तेवढाच चांगला दिसत असेल तर टोटची कपात होऊन भाव 30 च्याही खाली असतो. म्हणजे ज्याला पब्लिक चारातून एकदाही जिंकेल असं मानत नाही, तो खरोखर तीनातून एकदा जिंकणारा असला पाहिजे, आणि असे घोडे मला वारंवार सापडले पाहिजेत. माझी शीट इतकी चांगली नाही. कुणाची असेल असंही मला वाटत नाही. वर एका तिकिटावर दहा हजारांच्या पुढं जिंकलात तर 30 टक्के टीडीएस, आणि हरलेल्या पैशांची वजावट आयकरात मिळत नाही.

करवाढीनंतर मी पैसे लावणं जवळजवळ थांबवलं आणि मुंबईचा सीझन बहुतांश वहीवरच खेळलो. करवाढीच्या आधीही शीट जेमतेम काठावर होती. नंतर कागदावरचा हिशेब सरळ तोट्यात गेला. रेसिंग हा कौशल्याचा खेळ आहे हे सुप्रीम कोर्टानं 1996 मध्ये मान्य केलं. ते कौशल्य शिकायला जो माणूस महिनोन्‌महिने खपतो, त्याच्याकडून लॉटरीच्या तिकिटाइतकाच कर घेणं मला अन्यायाचं वाटतं.

कोल्हापूरकरांना एक कळकळीनं सांगायचं आहे. रेसकोर्स नाका हे नाव आपल्या शहरात आहे, रेसकोर्स नाही. त्यामुळं 'पुण्याला कशाला जातोस, आयडी देतो, फोनवर खेळ' म्हणणारे भेटतात. 1887 च्या जुगारबंदी कायद्यात घोड्यांच्या रेसला सूट आहे ती परवाना असलेल्या जागेपुरती. टपरीवर किंवा मोबाईलवर लपून घेतलेली बेट त्यात बसत नाही. तिथं जीएसटी लागत नाही म्हणून हिशेब गोड वाटतो, पण जिंकलेले पैसे देईल याची हमी कुणाचीच नाही, आणि उधारीवर खेळायला देतात ते तर घर मोडायचं काम आहे. माझ्या माहितीतल्या एकाची गाडी अशीच गेली.

कुणाला ही पद्धत शिकायचीच असेल तर एक रुपया न लावता सुरू करा. मागच्या सीझनचे निकाल घ्या, फक्त चौथ्या क्लासच्या 1200 मीटरच्या रेस निवडा, लेंथ आणि किलोचा हिशेब वर सांगितला तसा मांडा आणि पुढच्या निकालाशी ताडून बघा. सगळे क्लास, सगळी अंतरं एकदम धरायला गेलात तर कंटाळून सोडाल. माझ्या शीटमध्ये येत्या पुणे सीझनला 1000 आणि 1200 मीटरचे तक्ते वेगळे होणार आहेत, कारण हजारात गेटवरून उशिरा सुटलेल्या घोड्याला सावरायला जागाच नसते आणि लेंथचा माझा आकडा तिथं तोकडा पडतोय. आप्पांनी जुनी रेसबुकं माळ्यावरून काढून देतो म्हटलंय; त्यातल्या पावसातल्या रेस आधी भरायला घेणार आहे.